क्लिप लागली, पण अजून एकवीस दिवस

मेंदूतल्या धमनीला आलेला फुगा फुटला, ऑपरेशन झालं, फुग्याचं तोंड चिमटून बंद करणारी क्लिप नीट बसली. चौथ्या दिवशी पेशंट उठून बसतो, चहा मागतो, नातवंडांची नावं बरोबर सांगतो. गावाकडे फोन जातात. आणि आठव्या दिवशी सकाळी तोच माणूस गुंगीत असतो, उजवा हात उचलत नाही. 'ऑपरेशन सक्सेस म्हणालात ना डॉक्टर, मग हे काय?' न्यूरोसर्जरीच्या आयसीयूबाहेर होणाऱ्या वादांपैकी बरेचसे याच प्रश्नावरून होतात. या आजारात ऑपरेशन एका दिवसाचं आणि आजारपण तीन आठवड्यांचं, हे पहिल्याच दिवशी कुणीतरी नातेवाइकांना समोर बसवून सांगायला हवं. बऱ्याचदा ते राहून जातं, म्हणून हा लेख.

मेंदूच्या तळाशी धमन्यांचं एक कडं असतं. थॉमस विलिस यांनी १६६४ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून ते विलिसचं वर्तुळ. या कड्यात जिथे धमनीला फाटा फुटतो, तिथे रक्ताचा मारा सतत बसतो. वर्षानुवर्षं तो सोसून भिंत पातळ होते आणि तिथे फुगवटा येतो. हाच ॲन्युरिझम. साधारण शंभरातल्या तीन प्रौढांच्या डोक्यात तो असतो आणि बहुतेकांचा आयुष्यभर फुटत नाही. फुटला तर रक्त सहसा मेंदूच्या आत न जाता त्याच्या भोवतीच्या पाण्यात पसरतं. याला सबॲरक्नॉइड हॅमरेज म्हणतात. बीपी वाढून मेंदूच्या गाभ्यात होणारा रक्तस्राव वेगळा, त्याचे उपचारही वेगळे. आपल्याकडे दोन्हींना 'ब्रेन हॅमरेज' म्हणतात आणि मग शेजारच्या खाटेवरच्या पेशंटशी तुलना सुरू होते. ती करू नये.

फुटण्याची मुख्य खूण ही: डोकेदुखी मिनिटाभराच्या आत शिगेला पोचते. पेशंट नेमकं सांगू शकतो की मी भांडी घासत होते, किंवा गाडीला किक मारत होतो. मायग्रेन चढत जातं, याचा थेट तडाखा बसतो. सोबत उलटी, क्षणभर शुद्ध हरपणं. मान आखडते, पण त्याला काही तास लागू शकतात, त्यामुळे पहिल्या तासात मान सैल आहे म्हणून निर्धास्त होऊ नये. एका डोळ्याची पापणी पडली आहे आणि त्याच डोळ्याची बाहुली मोठी झाली आहे, असं दिसलं तर पोस्टिरिअर कम्युनिकेटिंग धमनीचा (विलिसच्या वर्तुळाच्या मागच्या भागातली एक जोडधमनी) फुगा डोळा हलवणाऱ्या तिसऱ्या नसेवर दाबतोय असं धरूनच पुढे जायचं. अशा पेशंटला आधी चष्म्याच्या नंबरासाठी पाठवलं गेलं तर अमूल्य वेळ जातो.

इथे चुका कुठे होतात? पहिली, 'पेनकिलरने बरं वाटलं, म्हणजे काही गंभीर नाही.' वेदनाशामकाने या डोकेदुखीलाही उतार पडतो, त्यातून काहीही सिद्ध होत नाही. दुसरी चूक जास्त घातक आहे. फुगा फुटला की ॲड्रेनॅलिनचा लोंढा सुटतो आणि हृदयालाही त्याचा फटका बसतो. ईसीजीत टी लाटा उलट्या, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) वाढलेलं, इकोत म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत हृदयाची हालचाल मंद. चक्कर येऊन पडलेला माणूस, असा ईसीजी, की लगेच हार्ट अटॅक समजून ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, हेपॅरिन सुरू. फुटलेल्या फुग्यावर रक्त पातळ करणारं औषध! 'पडायच्या आधी डोकं दुखलं होतं का?' हा एक प्रश्न अशा वेळी जीव वाचवतो.

तपासणी साधा सीटी स्कॅन. कॉन्ट्रास्टशिवाय. दुखणं सुरू झाल्यापासून सहा तासांच्या आत, चांगल्या मशिनवर केलेला आणि जाणत्या डोळ्यांनी वाचलेला सीटी हे रक्त जवळपास कधीच चुकवत नाही. मेंदूच्या तळाशी एरवी काळी दिसणारी पाण्याची जागा पांढरी होऊन पाच टोकांच्या चांदणीसारखी उमटते. सहा तासांनंतर मात्र रक्त पातळ होत जातं आणि सीटीचा भरवसा कमी होतो. संशय दाट आणि सीटी स्वच्छ, अशा वेळी पाठीतलं पाणी तपासायचं, तेही दुखणं सुरू झाल्यापासून साधारण बारा तास उलटल्यावर. रक्तपेशी फुटून पाण्याला पिवळसर झाक यायला तेवढा वेळ लागतो. त्याआधी काढलेल्या पाण्यात लाल रक्त दिसलं तर ते आजाराचं की सुईचं, हे कळत नाही. रक्त नक्की झालं की फुगा शोधायला सीटी अँजिओ, आणि गरज पडली तर डीएसए, म्हणजे धमनीत नळी घालून केलेली अँजिओग्राफी.

पहिले चोवीस तास पुन्हा फुटण्याच्या धोक्याचे. फुटलेल्या जागी फक्त गुठळीचं बूच असतं. बीपीची उसळी, खोकला, उलटी, संडासला कुंथणं, यातलं काहीही ते बूच उडवू शकतं. म्हणून वेदनाशामक, उलटी थांबवणारं औषध, पोट साफ ठेवणारं औषध आणि वरचं बीपी साधारण १६०च्या खाली. फार खालीही नाही, नाहीतर सुजलेल्या मेंदूला रक्त पुरत नाही. पूर्वी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे गुठळी टिकवणारं औषध सरसकट द्यायचे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९५५ पेशंटच्या डच चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. तालुक्याहून पेशंट हलवायचा असेल तर १०८च्या गाडीत बसताना सीटीची सीडी, दिलेल्या औषधांची वेळेसह चिठ्ठी आणि निघतानाची शुद्ध व बाहुल्यांची नोंद सोबत घ्यावी. 'निघताना बोलत होता' आणि 'निघताना बेशुद्ध होता' यावर पुढचा निर्णय फिरतो. सरकारी योजनेतून उपचार करायचे असतील तर आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी गाठा. रेशनकार्ड आणायला माणूस गावी पाठवायचा तो तेव्हाच, ऑपरेशन टेबलवर असताना नव्हे.

आता फुगा बंद करायचा कसा. कवटी उघडून बाहेरून क्लिप, किंवा मांडीच्या अथवा मनगटाच्या धमनीतून आत शिरून कॉइल.

क्लिपचा जन्म २३ मार्च १९३७ चा. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये सर्जन वॉल्टर डँडी यांनी फुग्याच्या मानेवर, म्हणजे तो धमनीला जिथे जोडलेला असतो तिथे, चांदीची छोटी क्लिप लावली. पुढे झुरिचमध्ये सर्जन यासरगिल यांनी मायक्रोस्कोपखाली हे तंत्र इतकं घासून-पुसून घेतलं की आजही कानापुढून कपाळाकडे वळणारा तोच छेद बहुतेक सर्जन घेतात. डोकं तीन खिळ्यांच्या पकडीत घट्ट, विरुद्ध बाजूला साधारण तीस अंश वळवलेलं, गालाचं हाड सर्वांत वर. हाडाची झडप काढायची, डोळ्यामागचा हाडाचा कंगोरा ड्रिलने सपाट करायचा, मग आवरण उघडून मेंदूच्या दोन खंडांमधली फट मायक्रोस्कोपखाली सोडवत जायचं. पाणी वाहून गेलं की मेंदू आपोआप सैल पडतो. तो ओढून जागा करणारा सर्जन घाईत आहे असं समजावं.

या ऑपरेशनचा एक नियम न मोडण्याचा: फुग्याकडे जाण्याआधी त्याला रक्त पुरवणारी धमनी हाती आली पाहिजे. मध्येच फुगा फुटला तर त्या धमनीवर तात्पुरती क्लिप टाकता येते. तिची पकड मुद्दाम हलकी असते, म्हणजे धमनीची भिंत चेंगरत नाही. ती लागली की भूलतज्ज्ञ मोठ्याने मिनिटं मोजतात आणि काही मिनिटांतच ती काढून मेंदूला पुन्हा रक्त द्यायचं असतं. क्लिप टाकायला जागाच नसेल तर ॲडिनोसिनचं इंजेक्शन देऊन हृदय काही सेकंद थांबवतात, फुगा मऊ पडतो आणि तेवढ्यात काम होतं. मग फुग्याची मान चारही बाजूंनी मोकळी करून टायटेनियमची कायमची क्लिप. मायक्रोस्कोपखाली सर्जन सगळ्यात जास्त वेळ क्लिपच्या टोकांकडे बघतो. टोकं मानेच्या पलीकडे पोचली का? मागे लपलेली बारीक फांदी पकडीत आली का? अँटिरिअर कोरॉइडल धमनी दोऱ्याएवढी, पण ती अडकली तर अर्धं अंग जातं. म्हणून डॉप्लरची बारीक सुई टेकवून आवाज ऐकतात आणि आयसीजी नावाचं हिरवं रंगद्रव्य शिरेतून देऊन धमन्या चमकतात की नाही ते इन्फ्रारेडमध्ये पाहतात. फुगा काळा, बाकी सगळं उजळ, असं दिसलं तरच बंद करायचं.

नंतर काही आठवडे जबडा नीट उघडत नाही, कानशिलाजवळ खळगा दिसतो, क्वचित त्या बाजूची भुवई उचलत नाही. हे आधी सांगितलेलं असलं की लोक घाबरत नाहीत.

कॉइल म्हणजे प्लॅटिनमची केसासारखी तार. गुग्लिएल्मी यांनी लॉस एंजेलिसमध्ये ती विकसित केली आणि १९९० मध्ये पहिल्यांदा माणसात वापरली. फुग्यात बारीक नळी न्यायची, पहिल्या तारेने आतून पिंजरा विणायचा, मग लहान-लहान तारांनी तो भरत जायचा आणि प्रत्येक तार हलक्या विजेने सोडवायची. मान अरुंद असेल तर काम सोपं. चार मिलिमीटरहून रुंद असेल तर तार धमनीत घरंगळते, म्हणून धमनीच्या बाजूने बलूनचा आधार लागतो. स्टेंट (धमनीत बसवायची जाळीची नळी) किंवा फ्लो डायव्हर्टर (फुग्यात जाणारं रक्त वळवणारी दाट जाळी) टाकायचा तर रक्त पातळ करणारी दोन औषधं द्यावी लागतात, आणि नुकत्याच फुटलेल्या फुग्यात, विशेषतः तुंबलेलं पाणी काढायला डोक्यात नळी टाकायची वेळ येऊ शकते तेव्हा, हे दुधारी शस्त्र ठरतं.

कोणतं चांगलं? २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २,१४३ पेशंटच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत वर्षभरानंतर मृत्यू किंवा परावलंबित्व कॉइलच्या गटात २३.७ टक्के आणि क्लिपच्या गटात ३०.६ टक्के होतं. म्हणून दोन्ही शक्य असतील तर कॉइलकडे कल. पण त्या चाचणीत दोन्ही पद्धतींनी होऊ शकणारेच फुगे घेतले होते, आणि ते बहुतेक लहान व पुढच्या बाजूचे होते. मिडल सेरेब्रल धमनीच्या (मेंदूच्या बाजूला जाणारी मोठी धमनी) फाट्यावरचा रुंद मानेचा फुगा, किंवा सोबत मोठी गुठळी असलेला पेशंट, इथे क्लिपचं पारडं आजही जड आहे. मेंदूच्या मागच्या बाजूच्या बेसिलर धमनीच्या टोकाचा फुगा असेल तर कॉइल. कॉइल काही काळाने दबून फुगा पुन्हा भरू शकतो, म्हणून तिच्यामागे अँजिओग्राफीच्या फेऱ्या असतात. ज्या रुग्णालयात एकच पद्धत होते तिथे ती 'सर्वोत्तम' असल्याचं सांगितलं जाणार, हेही लक्षात ठेवावं.

आता तीन आठवड्यांची मोजणी. लक्षात ठेवायचं की दिवस ऑपरेशनपासून न मोजता फुगा फुटल्यापासून मोजायचे.

सुरुवातीला बऱ्याच जणांत पाणी तुंबतं, कारण रक्ताने पाण्याचे मार्ग बुजतात. तेव्हा मेंदूच्या पोकळीत नळी टाकून पाणी बाहेर सोडतात, ती ईव्हीडी. तिचा शून्य कानाच्या छिद्राच्या पातळीवर आणि थेंबांची कुपी त्याहून ठरलेल्या उंचीवर, समजा १५ सेंटिमीटर. शरीर ताशी साधारण २० मिली पाणी तयार करतं, त्यावरून किती निघायला हवं याचा अंदाज येतो. कुणी पलंगाचं डोकं वर केलं आणि कुपी होती तिथेच राहिली, तर पाणी भसाभस निघतं. फुगा अजून बंद नसेल तर तेवढ्याने तो पुन्हा फुटू शकतो. म्हणून पेशंट हलवायच्या, कूस बदलायच्या आधी नळीचा खटका बंद, नंतर पातळी तपासून पुन्हा चालू. नातेवाइकांनी मायेपोटीसुद्धा उशी सरकवू नये, सिस्टरना हाक मारावी.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून चौदाव्यापर्यंत, आणि सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास सर्वांत जास्त, धमन्या आकसतात. यालाच व्हॅसोस्पाझम म्हणतात. सांडलेल्या रक्ताच्या गुठळ्या विरघळताना सुटणारं हिमोग्लोबिन धमनीच्या भिंतीला चिडवतं. सीटीत रक्त जितकं जाड तितका धोका जास्त, म्हणून सीटी पाहून सर्जन पुढच्या आठवड्याचा अंदाज बांधतो. क्लिप आणि कॉइल यांचा या आकसण्याशी काही संबंध नाही. फुगा कितीही सुरेख बंद झालेला असो, रक्त तर सांडून गेलेलं असतं.

यावर सिद्ध झालेलं औषध एकच, निमोडिपिन. ६० मिलिग्रॅम, दर चार तासांनी, २१ दिवस. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५५४ पेशंटच्या ब्रिटिश चाचणीत त्याने मेंदूचा भाग मरण्याचं प्रमाण ३३ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणलं. गंमत अशी की अँजिओग्राफीत धमन्या त्याने फारशा उघडलेल्या दिसत नाहीत, तरी पेशंटला फायदा होतो. ३० मिलिग्रॅमची गोळी असेल तर दिवसाला बारा, एकूण २५२ गोळ्या. डोस चुकतो तो रात्री दोनचा. चौदाव्या दिवशी घरी सोडलं तर उरलेला आठवडा घरी गजर लावून, पेशंटला झोपेतून उठवून गोळी द्यायची असते. डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'दिवसातून सहा वेळा' लिहिलं की घरचे जागेपणी सहा डोस उरकतात आणि रात्र कोरडी जाते. घड्याळाच्या वेळा लिहून मागा. नाकातल्या नळीतून द्यायची असेल तर गोळी ऐनवेळी कुटायची, कारण ती उजेडात खराब होते. कॅप्सूलमधलं द्रव सिरिंजने काढलं असेल तर ती सिरिंज चुकूनही शिरेला लागता कामा नये, जिवावर बेततं. डोसनंतर बीपी घसरलं तर औषध बंद न करता ३० मिलिग्रॅम दर दोन तासांनी करतात. आणि फिटसाठी फेनिटॉइन चालू असेल तर ते निमोडिपिनची रक्तातली पातळी खाली आणतं. त्यामुळे फिटचं औषध द्यायचंच तर लेव्हेटिरासिटाम बरं.

वाद होतो तो बीपीवरूनही. फुगा बंद होईपर्यंत बीपी दाबून धरणारे डॉक्टर नंतर मॉनिटरवर १८० दिसलं तरी शांत असतात, आणि पेशंट गुंगीत गेला तर नॉरॲड्रेनॅलिन हे बीपी वाढवणारं औषध लावून ते मुद्दाम वर नेतात. आकसलेल्या धमनीतून रक्त पुढे ढकलायचं तर दाब लागतो. या उपायाला मोठ्या चाचणीचा भक्कम पाठिंबा नाही, पण दाब वाढवल्यावर उचलत नसलेला हात उचलला जातो हे आयसीयूत दिसतं, म्हणून तो टिकून आहे. मात्र घरची बीपीची गोळी नातेवाइकांनी आपल्या मनाने चालू केली तर सगळ्यावर पाणी फिरतं.

सोडियम हा दुसरा चकवा. या आजारात मूत्रपिंडं मीठ आणि पाणी दोन्ही बाहेर टाकतात. सोडियम १३०च्या खाली दिसलं की इतर वॉर्डांत पहिला हुकूम 'पाणी कमी करा' असा असतो. इथे तो उलटा पडतो. शरीर आधीच कोरडं असतं, रक्त आणखी घट्ट होतं आणि आकसलेल्या धमनीत ते पुढे सरकत नाही. इथे मीठ द्यायचं, ३ टक्क्यांचं सलाईन हळूहळू, आणि गरज पडली तर शरीरात मीठ धरून ठेवणारं फ्लुड्रोकॉर्टिसोन. मूत्राचा तासातासाचा हिशेब त्यासाठीच लिहितात.

रोज डोक्यावर डॉप्लर लावून मिडल सेरेब्रल धमनीतला वेग मोजतात. सेकंदाला १२० सेंटिमीटरच्या पुढे सावध, २०० च्या पुढे तीव्र. पण मशिनपेक्षा रोज समोर बसणारी मुलगी बऱ्याचदा आधी ओळखते: 'आज बाबा नुसतंच हो-हो म्हणतायत.' ही तक्रार सिस्टरनी आणि निवासी डॉक्टरांनी गांभीर्याने घ्यावी. बीपी वाढवून फरक पडला नाही तर पुन्हा अँजिओग्राफीची खोली म्हणजे कॅथलॅब, धमनीत थेट औषध किंवा बलूनने ती रुंद करणं, आणि हे तासाभरात ठरवायचं असतं.

शुद्धीवर आलेला पेशंट 'डोळ्यापुढे काळं काळं दिसतं' म्हणाला तर त्याला अशक्तपणा समजू नका. डोक्यातला दाब अचानक वाढल्याने डोळ्याच्या आत रक्त उतरलेलं असू शकतं. बाहुली मोठी करून डोळ्यांच्या डॉक्टरांनी पाहायला हवं. हे सहज निसटतं, आणि बऱ्याचदा आपोआप किंवा ऑपरेशनने दृष्टी परत येते.

घरी जाताना क्लिपचं किंवा कॉइलचं कार्ड मागून घ्या, कंपनी, मॉडेल आणि धातू लिहिलेलं. पुढे कधी एमआरआय करायचा झाला तर तंत्रज्ञ पहिल्यांदा तेच विचारेल. आताच्या टायटेनियम क्लिप चालतात, पण जुन्या काही स्टीलच्या क्लिप चुंबकात हलायच्या, म्हणून कागद नसेल तर एमआरआय अडतो. विसरभोळेपणा, लवकर थकवा, चिडचिड, वास न येणं हे महिनोन्महिने चालू शकतं. सहा महिन्यांनी 'आता तर बरा दिसतोस' म्हणून कामावर ढकलणाऱ्यांना हे सांगावं लागतं.

घरच्यांचा ठरलेला प्रश्न: आमचीही तपासणी करायची का? आई-वडील, भावंडं, मुलं यांपैकी दोघांना हा आजार झाला असेल, किंवा घरात मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजार असेल, तर करावी. घरात एकालाच झाला असेल तर सहसा गरज नाही. तपासणीत न फुटलेला, सात मिलिमीटरहून लहान, पुढच्या बाजूचा फुगा सापडला तर बहुतेकदा ठरावीक अंतराने स्कॅन करून नजर ठेवतात. तोपर्यंत बिडी-सिगारेट पूर्ण बंद आणि बीपी ताब्यात, कारण वय, आनुवंशिकता आणि फुग्याची जागा बदलता येत नाही, पण या दोन गोष्टी आपल्या हातात असतात. पोस्टिरिअर कम्युनिकेटिंग किंवा मागच्या धमन्यांवरचा फुगा असेल, आकार वाढत असेल किंवा त्याला वेडावाकडा कोंब फुटलेला असेल, तर फक्त नजर ठेवण्यावर न थांबता क्लिप आणि कॉइल दोन्ही करणाऱ्या केंद्रात दाखवा.